यश डिस्चार्ज कार्डावर ठरत नाही

‘अकॅलेशियावर आता दुर्बिणीतून इलाज होतो. चिरा नाही, टाका नाही, दोन-चार दिवसांत घरी, आणि दुखणे कायमचे संपले.’ हा दावा नाशिकमध्ये हल्ली निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो. कधी जाहिरातीतून, कधी बऱ्या झालेल्या पेशंटच्या पाहुण्यांकडून, तर कधी चक्क डॉक्टरांकडून. त्यात चार विधाने आहेत. बाहेरून चिरा नसतो, हे खरे. टाका नसतो, हेही खरे; आतली फट क्लिपा लावून बंद करतात. बहुतेक पेशंट दोन-चार दिवसांत घरी जातात, हेही मान्य. चौथे विधान मात्र खोटे आहे. पहिल्या तीन खऱ्या विधानांच्या आडून ते खपून जाते, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते सैल पडते, घास गेला की आवळते. अकॅलेशियात या कड्याला सैल पडण्याचा निरोप देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात आणि घास खाली ढकलणारी अन्ननलिकेची लाटही बंद पडते. मग भाकरीचा घास छातीत अडकतो, तो उतरावा म्हणून प्यायलेले पाणीही अडकते. रात्री आडवे झाले की जेवलेले तसेच्या तसे तोंडाशी येते, ठसका लागतो. वजन उतरत जाते. पेठ-सुरगाण्याकडच्या माणसाला हे दुखणे जडले तर आधी बराच काळ पित्ताच्या गोळ्या सुरू राहतात. खोकला आणि घटलेले वजन पाहून क्षयाची शंका घेतली जाते. बेरियमचा एक्स-रे, एंडोस्कोपी आणि अन्ननलिकेतला दाब मोजणारी मॅनोमेट्री इथवर पोहोचेपर्यंत वर्षे गेलेली असतात.

मेलेल्या चेतापेशी परत आणणारा इलाज आज जगात कुठेही नाही. फुगा फुगवून कडे ताणले काय, पोटातून शस्त्रक्रिया करून ते कापले काय, की तोंडातून दुर्बीण घालून कापले काय. तिन्ही उपाय आवळलेले कडे मोकळे करतात, एवढेच. त्यानंतर घास मुख्यतः स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणजे दुखण्याचे मूळ जागेवरच असते, आपण त्याचा जाच कमी केलेला असतो. तेवढेही पेशंटच्या आयुष्यात फार मोठे असते. पण त्याला ‘कायमचे संपले’ म्हणता येत नाही.

दुर्बिणीच्या या उपचाराला पोएम म्हणतात. जपानमधील योकोहामा येथे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली तो माणसावर पहिल्यांदा केला आणि २०१० साली १७ पेशंटचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याआधी २००७ साली पंकज पसरिचा यांच्या गटाने डुकरांवर प्रयोग करून ही वाट दाखवली होती. पेशंटला पूर्ण भूल देतात, अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराखाली निळसर द्रव टोचून ते उचलतात, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा काढत जठरापर्यंत जातात आणि आतून स्नायू कापत आणतात. एर्न्स्ट हेलर या जर्मन शल्यविशारदाने १९१३ साली पोट उघडून जे केले, तेच आता पोट न उघडता होते. ही नवी टूम आहे, पैसे काढायचा धंदा आहे, असे म्हणणारेही नाशिकमध्ये आहेत. त्यांचे म्हणणे मला मान्य नाही, कारण पुरावा त्यांच्या विरोधात आहे.

२०१९ साली दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातील चाचणीत १३३ पेशंटना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. दोन वर्षांनी पोएमच्या गटात ९२ टक्के यश होते, फुग्याच्या गटात ५४ टक्के. ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधील दुसऱ्या चाचणीत २२१ पेशंट होते आणि तुलना होती पोएम व लॅप्रोस्कोपीने केलेली हेलर शस्त्रक्रिया यांच्यात. दोन वर्षांनी पोएमचे यश ८३ टक्के, शस्त्रक्रियेचे ८१.७ टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरी. गंभीर गुंतागुंत मात्र पोएममध्ये २.७ टक्के आणि शस्त्रक्रियेत ७.३ टक्के. पोएम हा उत्तम उपचार आहे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझा वाद त्याच्या यशाचा हिशेब कसा मांडला जातो, याच्याशी आहे.

या दोन्ही चाचण्यांत आणखी एक रकाना आहे आणि तो जाहिरातीत कधी येत नाही. कडे कापले की घास खाली जातो, तसे जठरातले आम्ल वर चढते. हेलरच्या शस्त्रक्रियेत सर्जन जठराचा एक भाग वळवून तिथे आडोसा करतो. पोएममध्ये तो नसतो. परिणाम आकड्यांत दिसतो. ‘जामा’च्या चाचणीत दोन वर्षांनी पोएमच्या ४१ टक्के पेशंटच्या अन्ननलिकेत आम्लाने झालेली सूज किंवा जखमा होत्या, फुग्याच्या गटात ७ टक्के. दुसऱ्या चाचणीत तीन महिन्यांनी हे प्रमाण पोएममध्ये ५७ आणि शस्त्रक्रियेत २० टक्के होते. दोन वर्षांनी ४४ आणि २९. म्हणजे ९२ टक्क्यांचा आकडा ज्या कागदावर आहे, त्याच कागदावर ४१ टक्क्यांचाही आहे. पहिला वाचून दाखवायचा आणि दुसरा झाकायचा, ही लबाडी झाली.

आता ‘यश’ कशाला म्हणतात ते पाहा. अकॅलेशियात एकार्ट गुण वापरतात. गिळायला त्रास, अन्न उलटून येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण बारा. इलाजानंतर बेरीज तीन किंवा त्याहून कमी आली की पेशंट यशस्वी. गिळण्याच्या त्रासाला तीन गुण म्हणजे प्रत्येक जेवणात त्रास. समजा एखाद्या बाईला छातीत दुखत नाही, वजन घटलेले नाही, अन्न उलटत नाही, पण प्रत्येक जेवणात घास अडकतो. तिची बेरीज तीन. शास्त्राच्या वहीत ती यशस्वी! उलट्या बाजूने, माणसाला त्रास जाणवत नाही म्हणून आतही सगळे ठीक आहे, असे नाही. पेशंटला उभे करून बेरियम पाजायचे आणि एक, दोन, पाच मिनिटांनी फोटो काढून अन्ननलिकेत किती उंचीपर्यंत ते साचून राहिले हे मोजायचे, अशी साधी तपासणी आहे. व्हेझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ‘गट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, फुग्याच्या उपचारानंतर ‘बरे वाटते’ म्हणणाऱ्यांपैकी ज्यांची अन्ननलिका रिकामी होत नव्हती, त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे वर्षभरात उलटले. जिभेवरचे उत्तर आणि एक्स-रेवरचे उत्तर वेगळे असू शकते. दोन्ही घ्यायला हवीत.

आकड्यामागचा नियम न सांगता आकडा फेकण्याची आणखी एक तऱ्हा आहे. ‘फुगा म्हणजे निम्म्यांत फेल’ असे आता सर्रास म्हटले जाते, ते ‘जामा’च्या ५४ टक्क्यांवरून. पण २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या युरोपीय चाचणीत याच फुग्याचे दोन वर्षांचे यश ८६ टक्के होते, शस्त्रक्रियेचे ९०. फुगा तोच, मग इतका फरक का? कारण मुख्यतः नियमात आहे. २०११च्या चाचणीत त्रास उलटला तर ठरावीक मर्यादेत पुन्हा फुगवण्याची मुभा होती. २०१९च्या चाचणीत सुरुवातीच्या दोन मापांनंतर ती नव्हती. ज्याला दर काही वर्षांनी फुगवून घेणे चालेल त्याच्यासाठी एक उत्तर, ज्याला पुन्हा दवाखान्याचे तोंड पाहायचे नाही त्याच्यासाठी दुसरे. निवड पेशंटची आहे. पण त्याला दोन्ही आकडे, नियमांसकट, ऐकवले तरच ती निवड म्हणता येईल.

यावर जी उत्तरे मिळतात ती एकेक घेतो.

पहिले उत्तर: ‘आम्ल चढते, तर गोळी घ्यायची. त्यात काय एवढे?’ गोळीने बहुतेकांचे भागते, हे खरे. पण अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ सालीच लिहून ठेवले आहे की, पोएमच्या पेशंटला अन्ननलिकेच्या आम्लदाहाचा मोठा धोका मानावा आणि कदाचित अनिश्चित काळ गोळी व वेळोवेळी एंडोस्कोपी लागेल, हे त्याला उपचाराच्या आधी सांगावे. आधी! डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या यादीत एक ओळ घालून हे काम होत नाही. शिवाय आपल्याकडे या गोळीची गोष्टच उलटी आहे. ज्या माणसाने निदान होईपर्यंत वर्षानुवर्षे चुकीची म्हणून पित्ताची गोळी खाल्ली, त्याला ऑपरेशननंतर तीच गोळी आता बरोबर म्हणून दिली जाते. कारण कुणी समजावले नाही, तर तो एकतर ऑपरेशन फसले असे समजतो किंवा महिन्याभरात गोळी सोडतो. आम्लाने जखम झालेल्या प्रत्येकाला जळजळ होतेच असे नाही. त्यामुळे गोळी सोडल्याचे त्याला कळतही नाही. आणि गोळीने सगळेच भागते असते, तर पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात डॉ. अमोल बापये यांच्या गटाने पोएमबरोबरच आतून जठराचा आडोसा करण्याची पद्धत आजमावून तिचे निकाल प्रसिद्ध करण्याचा खटाटोप केला नसता. ही मूळ कल्पनाही इनोउए यांच्याच गटाची. ज्यांनी उपचार शोधला ते त्याची उणीव दूर करायला धडपडताहेत, आणि आपल्याकडे ती उणीव नाहीच असे सांगणारे आहेत.

दुसरे उत्तर: ‘आपले पेशंट परत येतच नाहीत. बरे वाटले की फिरकत नाहीत. मोजायचे कसे?’ यात तथ्य आहे, पण ते अर्धे. नाशिकचे कितीतरी पेशंट या उपचारासाठी मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठतात. फाइल तिकडे राहते, माणूस निफाडला किंवा मालेगावला परततो. दोन वर्षांनी जळजळ सुरू झाली की तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्या वहीत तो यशस्वीच राहतो. हा दोष पेशंटचा कसा? याच जिल्ह्यात क्षयाच्या पेशंटची ‘निक्षय’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद होते आणि प्रत्येकाचा शेवट लिहिला जातो: बरा झाला, उपचार पूर्ण केले, मध्येच सुटला, उपचार लागू पडला नाही, दगावला. सुटलेल्यालाही तिथे रकाना आहे, म्हणून तो हिशेबातून गायब होत नाही. हैदराबादच्या एआयजी रुग्णालयाने २०१७ साली ४०० हून अधिक पेशंटचा हिशेब छापला: यश पहिल्या वर्षी ९४, दुसऱ्या वर्षी ९१, तिसऱ्या वर्षी ९० टक्के, आणि शेजारीच, आम्ल मोजण्याच्या तपासणीत २८.३ टक्क्यांना रिफ्लक्स. हे पेशंट काही स्वित्झर्लंडचे नव्हते. नाशिकचेच उदाहरण हवे असेल तर द्राक्षाचे घ्या. युरोपला गेलेली द्राक्षाची पेटी अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट नोंदणीवर थेट बागेच्या प्लॉटपर्यंत शोधता येते. घडाचा माग काढणारा जिल्हा माणसाचा माग काढता येत नाही म्हणतो, तेव्हा अडचण साधनांची नसते.

तिसरे उत्तर: ‘दुर्मीळ आजार आहे हो. त्यासाठी एवढी यंत्रणा कशाला?’ दरवर्षी लाखात साधारण एकाला हा आजार होतो, असे जगभरचे अंदाज सांगतात. २०११च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख. त्या मापाने वर्षाला साठेक नवे पेशंट. साठ माणसांना यंत्रणा कसली लागते? एक वही पुरते. आजार दुर्मीळ आहे म्हणूनच तो मोजणे सोपे आहे. आणि दुर्मीळ आहे म्हणूनच एकेका डॉक्टरच्या वाट्याला थोडे पेशंट येतात, त्यामुळे एकट्याच्या आठवणीवर विसंबणे धोक्याचे. ज्याच्याकडचे दोन पेशंट बरे झाले त्याला शंभर टक्के यश मिळाल्यासारखे वाटते.

चौथे उत्तर सगळ्यांत वरपांगी: ‘हे आकडे सांगितले तर पेशंट घाबरेल, उपचारच घेणार नाही.’ पेशंटला काय सांगायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेले नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की संमती घेताना उपचाराचे स्वरूप, त्याचे फायदे, पर्यायी उपाय आणि मोठे धोके पेशंटला पुरेसे कळायला हवेत. दहातल्या चौघांना होणारी गोष्ट मोठा धोका नाही, तर काय आहे? शिवाय या दुखण्याने गांजलेला माणूस इतका हळवा नसतो. वर्षानुवर्षे उभ्याने पाणी पिऊन घास खाली ढकलणाऱ्याला ‘जेवता येईल, पण गोळी आणि तपासणी मागे लागेल’ असे सांगितले तर तो पळून जात नाही. तो विचारतो, गोळी कधी आणि तपासणी कुठे. उत्तर नसते ते आपल्याकडे.

याच उत्तराचा जोड-भाग म्हणजे, ‘आमच्या हाताचे आकडे कशाला, जगाचे आहेत ना?’ जगाचे आकडे अनुभवी केंद्रांचे आहेत. त्याच अमेरिकन मार्गदर्शनात म्हटले आहे की हा उपचार हाती बसायला २० ते ४० केसेस लागतात आणि तो जास्त संख्येने करणाऱ्या केंद्रांत व्हावा. म्हणून ‘जपानमध्ये इतके टक्के’ या वाक्याला पेशंटच्या दृष्टीने फार किंमत नाही. त्याच्या घशात जपानचा हात जाणार नसतो.

पाच वर्षांचा हिशेबही डोळ्यांसमोर असू द्या. ‘जामा’च्या त्याच पेशंटचा पुढचा अहवाल २०२२ साली ‘लॅन्सेट’च्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजी नियतकालिकात आला. पोएमचे यश ८१ टक्के, फुग्याचे ४०. पोएम पुन्हा वरचढ. पण ९२चे ८१ झाले, म्हणजे तीन वर्षांत काहींचे दुखणे उलटले. पाच वर्षांनी दुर्बिणीने तपासलेल्या पोएमच्या ४२ जणांपैकी १४ जणांना आम्लाचा दाह होता. जगातल्या उत्तम केंद्रांत, काटेकोर पाठपुरावा असताना, हे चित्र आहे. त्यातच अकॅलेशियाच्या पेशंटला, उपचार कोणताही झाला तरी, पुढे अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. तेव्हा ‘आता यायची गरज नाही’ हे वाक्य या आजारात कुठल्याही डॉक्टरने उच्चारू नये.

मागणी साधी आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून नाशिकमध्येच आहे. राज्यभरचे पदव्युत्तर विद्यार्थी त्याच्याकडे प्रबंध सादर करतात. विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय इथे आहे, जिल्हा रुग्णालय इथे आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या अकॅलेशियाच्या पेशंटची एक सामाईक नोंदवही त्यांनी ठेवावी; ऑपरेशन इथे झालेले असो की बाहेर. रकाने मोजकेच: वजन, चार एकार्ट गुण वेगवेगळे (नुसती बेरीज नको), पाच मिनिटांच्या बेरियमची उंची, एंडोस्कोपीत दाह आहे की नाही, गोळी चालू की बंद, पुन्हा उपचार लागला का, आणि संपर्क तुटला असेल तर तसे स्पष्ट. वर्षाला एकदा पेशंटची नावे वगळून हे सगळ्यांसमोर मांडावे. खासगी डॉक्टरांनाही यात भिण्यासारखे काही नाही. ज्यांचे काम चांगले आहे त्यांच्या बाजूने आज फक्त त्यांचा शब्द उभा आहे. उद्या आकडा उभा राहील.

तोवर पेशंटने स्वतःची वही स्वतः राखावी. उपचाराआधी विचारावे: माझा अकॅलेशिया तीन प्रकारांपैकी कोणता? फुगा, शस्त्रक्रिया आणि पोएम यांतले माझ्यासाठी काय आणि का? तुम्ही असे किती केलेत आणि त्यांतले किती जण दोन वर्षांनी तुमच्या संपर्कात आहेत? गोळी किती दिवस, पुढची एंडोस्कोपी कधी? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, पण दाखल पेशंटचे कागद जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांचे आहे. अकॅलेशियाचा खरा निकाल बहुधा त्यानंतर लागतो. म्हणून मॅनोमेट्रीचा अहवाल, बेरियमचे फोटो, ऑपरेशनची टिपणे घरी निघतानाच मागून घ्या आणि जपून ठेवा.